चार पॉइंट एक

धुळे,
२२ जून २०२४

ति. हाशमचाचा यांना,
सलाम आणि जयभीम.

अमळनेरच्या तुमच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून काम शिकून मी बाहेर पडले तेव्हा तुम्ही अट घातली होती. नवीन काही बनवलं तर फोन करायचा नाही, कागदावर लिहायचं आणि सोबत सर्किटचा नकाशा जोडायचा. फोनवर माणूस बोलून मोकळा होतो, लिहायला बसला की त्याला विचार करावा लागतो, असं तुम्ही म्हणायचा. सात वर्षं झाली, अजून पाळतेय. इथल्या तंत्रनिकेतनातली पोरं हसतात, मॅडम पोस्टात चालल्या म्हणून. हसू देत. प्रयोगशाळा सहाय्यक म्हणजे तशीही मॅडम नव्हेच, कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारी बाई.

तर यंत्र बनवलंय, आणि या वेळी ते प्रदर्शनात मांडायला नाही.

आबा गेल्या वर्षापासून सावद्याजवळ मोतीलालशेठच्या केळीच्या शेतात राखणीला आहेत. शेतात दोन झोपड्या आहेत. एकीत आबा एकटे. दुसरीत धनसिंग, त्याची बायको रुमली आणि नऊ वर्षांची मुलगी डिंपल. ही माणसं चोपड्याच्या वरच्या पाड्यावरची, पावरा आदिवासी. वर्षभर शेतातच राहतात. त्या पट्ट्यात बिबट्या केळीतच मुक्काम करतो. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या शेतातून त्याने दोन वासरं नेली. दिवेलागणीला रुमली पाण्याला निघाली की रिकामा डबा बडवत जाते, आबा शेकोटी करतात, आणि एवढाच काय तो बंदोबस्त.

मी एक पेटी बनवलीय. तिला नाल्याच्या बाजूला तोंड केलेले चार डोळे आहेत. गरम अंगाचं काही समोरून हललं की भोंगा वाजतो आणि मोठा दिवा लागतो. तिकडून माणसांची ये-जा नाही, त्यामुळे उगाच वाजणार नाही. एक बॅटरी, ती भरायला छोटं सोलर पॅनल, मधे चिप. पेटी जागी आहे हे कळायला एक बारीक लाल दिवा.

माझी सगळी काळजी बॅटरीची आहे. यंत्र मुकं झालं आणि माणसं त्याच्या भरवशावर राहिली तर ते नसण्यापेक्षा वाईट. म्हणून चिप स्वतःच बॅटरी मोजते आणि छोट्या पडद्यावर आकडा दाखवते. भरलेली असली की ४.१ व्होल्ट. आकडा ३.५ च्या खाली आला की आबांनी मला लगेच कळवायचं.

नकाशा जोडलाय. बॅटरी मोजण्याच्या जागी लाल शाईने प्रश्नचिन्ह केलंय आणि शंका शेजारीच बारीक अक्षरात लिहिलीय. भरलेल्या बॅटरीला मीटर लावून पाहिलं तर मीटरही ४.१ आणि चिपही ४.१, म्हणजे जुळतंय. तरी मनात खटका आहे. तुमचं उत्तर आल्याशिवाय पेटी शेतात लावणार नाही.

साखर तपासून घेतलीत का? गोड चहा बंद केला असं खोटं सांगू नका.

तुमची,
प्रज्ञा

*

अमळनेर,
३ जुलै २०२४

बेटा प्रज्ञा,
अनेक दुआ.

अक्षर माझं नाही म्हणून घाबरू नकोस. हात थरथरतो. मी सांगतो आणि माझी नात मिसबाह लिहिते. बारावीला आहे. मधे मधे स्वतःची मतं घुसवते, ती मी खोडायला लावतो.

स्वतःला किल्ल्या सांभाळणारी बाई म्हणालीस, ते मला आवडलं नाही. पहिल्याच दिवशी तू एका गिऱ्हाइकाचा टेपरेकॉर्डर उघडलास आणि परत जोडल्यावर सहा स्क्रू उरले होते. तो माणूस आजही रस्त्यात भेटला की विचारतो, ती पोरगी काय करते? मी अभिमानाने सांगतो, मुलांना शिकवते. आता मला खोटं पाडू नकोस.

नकाशा बघितला. नीट बघितला. सगळं बरोबर आहे. ते लाल प्रश्नचिन्ह खोडून टाक. जास्त शिकलेल्या माणसाला शंकाही जास्त. मीटरशी जुळलं ना? मग झालं. बिनधास्त लाव.

एक गोष्ट मात्र म्हाताऱ्याची म्हणून ऐक. दर आठवड्याला एकदा भोंगा वाजवून बघायला सांग. मी सेल विकायचो तेव्हा गिऱ्हाइकाला मीटर दाखवत नसे, बल्ब पेटवून दाखवायचो.

तुझ्या आबांना, वाल्मीकभाऊंना, सलाम सांग. माझी तब्येत ठणठणीत आहे. दुकान रोज उघडतो. नजर म्हणशील तर अजून सुईत दोरा ओवतो.

तुझा,
हाशमचाचा

*

धुळे,
२० ऑक्टोबर २०२४

ति. हाशमचाचा,
सलाम आणि जयभीम.

उशीर झाला, रागावू नका. परीक्षा, मग पाऊस, मग परीक्षा.

तुमचं पत्र आलं आणि चौदा जुलैला पेटी लावून आले. माझ्या डोक्याइतक्या उंचीच्या बांबूवर पॅनल बांधलं आणि खाली पेटी. डिंपलने तिला हळदकुंकू लावलं. मी म्हटलं अगं मशीन आहे ते, तर म्हणाली, असू दे, राखण करणार ना?

आबांनी काय केलंय सांगते. शंभर पानी वही आणलीय. रोज सकाळी तोंड धुतलं की पेटीसमोर उभं राहायचं, पडद्यावरचा आकडा वाचायचा, वहीत तारीख टाकून लिहायचा आणि मगच चहा. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण एक दिवस चुकवलेला नाही. शेजारच्या शेतातला कुणी आला की त्याला वही काढून दाखवतात, म्हणतात, "मनी पोरनी करेल शे." पोरीने बनवलंय असं माझ्यासमोर सांगितलं की मला लाज वाटते आणि बरंही वाटतं.

पेटीने कामही केलं. ऑगस्टात एकदा आणि सप्टेंबरात एकदा भोंगा वाजला, आणि सकाळी नाल्याच्या चिखलात पंजे उमटलेले दिसले. दुसऱ्या खेपेनंतर रुमलीने डबा वाजवणं सोडून दिलं. आबांनीही शेकोटी बंद केली. चाचा, खरं सांगते, माझ्या हातून कुणाच्या तरी उपयोगाचं काही झालं असं मला पहिल्यांदाच वाटलं.

तुम्ही सांगितलं होतं म्हणून आबा दर रविवारी बटण दाबून भोंगा वाजवायचे. पण गेल्या महिन्यात शेजारी केळी कापणारी टोळी आली होती, ती भोंगा ऐकून खांद्यावरचे घड टाकून पळाली. मोतीलालशेठ फार बोलले. मग मीच आबांना म्हटलं, आकडा दिसतोय ना, मग वाजवून उगाच बॅटरी कशाला खर्च करायची? रविवारचं वाजवणं आता बंद आहे.

एक बारीकशी गोष्ट. परवा आबांचा फोन आला.

"रुमली म्हणस, तो लाल दिवा मंदाई ग्या शे."

"आकडा किती आहे आबा?"

"आकडा तर तोच शे. चार पॉइंट एक."

"मग दिवा मंद कसा असेल? तिला तसं वाटत असेल. उजेडात बघितला की मंदच दिसतो."

"मीबी तिले तेच सांगं."

एवढंच बोलणं झालं. शेत आता बघण्यासारखं झालंय. जूनमध्ये वीतभर होती ती रोपं माझ्या डोक्यावरून गेलीत, पानं एकमेकांना भिडलीत, आत शिरलं की भर दुपारीसुद्धा हिरवा काळोख. बिबट्याला आणखी काय हवं?

तरी तुम्ही तो नकाशा पुन्हा एकदा नजरेखालून घाला. प्रश्नचिन्हाची जागा विशेष करून. तुम्ही बरोबर म्हणालात की मला झोप लागते.

तुमची,
प्रज्ञा

*

अमळनेर,
५ नोव्हेंबर २०२४

बेटा प्रज्ञा,
दुआ.

नकाशा परत काढून बघितला. बरोबर आहे. एकच गोष्ट म्हाताऱ्याला किती वेळा विचारशील?

रविवारचं वाजवणं बंद केलंस ते मात्र मला पटलं नाही. पण शेत शेठचं आहे, तुझा इलाज नाही.

थोडक्यात लिहितो, कारण मिसबाहचा अभ्यास आहे. दुकानात हल्ली काम कमी असतं, त्यामुळे निवांत आहे. वाल्मीकभाऊंच्या वहीचं ऐकून छाती फुगली. असा शिष्य मला मिळाला असता तर तुला ठेवलीच नसती.

तुझा,
हाशमचाचा

*

धुळे,
१९ डिसेंबर २०२४

चाचा,

रुमली गेली.

नऊ तारखेला, सोमवारी. दिवस मावळत होता. ती नाल्याच्या अलीकडे ठेवलेली केळीची सुकी पानं आणायला निघाली होती. डबा घेतला नाही. तीन महिन्यांपासून घेतच नव्हती. भोंगा वाजला नाही म्हणजे तिकडे काही नाही, हे तिला आम्हीच शिकवलं होतं. डिंपल झोपडीच्या दारात तांदूळ निवडत बसली होती, तिने सगळं पाहिलं. आबा आणि धनसिंग ओरडत धावले तेव्हा तो तिला टाकून केळीत शिरला. सावद्याच्या दवाखान्यापर्यंत ती जिवंत होती. पुढचं लिहवत नाही.

भोंगा वाजलाच नाही.

मी अकरा तारखेला पोचले. पंचनामा झाला होता आणि पेटी उघडून बॅटरी वेगळी काढून ठेवली होती. मी मीटर लावला. बॅटरी मेलेली होती. आणि आबांच्या वहीत नऊ तारखेच्या सकाळचा आकडा आहे ४.१. सकाळी भरलेली बॅटरी संध्याकाळपर्यंत मरेल कशी? दिवसभरात कुणीतरी ती उपसली, दुसरा अर्थ निघत नाही.

पेटीला बाजूने एक भोक आहे. मी तिथून प्रोग्रॅम भरते. त्यात मोबाइलच्या वायरची पिन बसते. मोतीलालशेठने त्यावरच बोट ठेवलं, म्हणाले, इथूनच कुणीतरी मोबाइल चार्ज केला. शेतात मोबाइल दोघांकडेच. आबांचा साधा, त्याला ती पिन लागत नाही. राहिला धनसिंग. त्याच्याकडे सेकंडहँड घेतलेला मोठा मोबाइल आहे. तो रुमलीची शपथ घेऊन सांगत होता की मी पेटीला हात लावला नाही. पण वही सगळ्यांसमोर होती. वन खात्याच्या माणसांनी मला विचारलं, सकाळी बॅटरी पूर्ण होती असं तुम्ही लिहून देता का? मी लिहून दिलं. खाली सही केली. हुद्दासुद्धा लिहिला.

तेराव्याच्या आधीच रुमलीचे भाऊ पाड्यावरून आले. फोनपायी बहीण मारली म्हणाले. डिंपलला घेऊन गेले. ती बापाकडे न बघता मामाच्या मोटारसायकलवर बसली. धनसिंग मागे मागे रस्त्यापर्यंत चालत गेला आणि तिथेच उभा राहिला. आबांनी त्याला हात धरून परत आणलं. आबा त्याच्याशी बोलतात, पण मला धनसिंगचं तोंड बघवत नाही. एवढ्याशा मोबाइलसाठी! माझं मन त्याला शिव्या देतं, आणि मग तो रस्त्यात उभा राहिलेला दिसतो.

वहीच्या सगळ्या पानांची झेरॉक्स पाठवतेय. चौदा जुलै ते नऊ डिसेंबर, एकशे एकोणपन्नास दिवस. तुम्ही बघा आणि मला एकदाच सांगा, माझी चूक नव्हती ना? तुमच्याशिवाय हे सांगणारं मला कुणी नाही.

तुमची,
प्रज्ञा

*

अमळनेर,
११ फेब्रुवारी २०२५

बेटा प्रज्ञा,

तुझी मधली दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर का देत नाही असं विचारलंस. उत्तर माझ्याजवळ होतं म्हणून देत नव्हतो.

धनसिंगने काही केलेलं नाही. त्याने पेटीला हातही लावला नसेल. बॅटरी त्या दिवशी मेली नाही. ती कितीतरी आठवड्यांपासून मरत होती.

तुझी पानं आली तेव्हा मी मिसबाहला म्हटलं, वाच. तिने सुरू केलं. चौदा जुलै, चार पॉइंट एक. पंधरा जुलै, चार पॉइंट एक. दोन पानं वाचून ती कंटाळली. म्हणाली, "दादा, सगळीकडे तोच आकडा आहे, किती वेळा वाचू?" मी म्हटलं, शेवटपर्यंत वाच. तिने सगळे दिवस वाचले. श्रावणातलं आभाळ, दोनदा वाजलेला भोंगा, दर रविवारचं बटण, आणि आकडा एकदाही जागचा हलला नाही. मी पन्नास वर्षं सेल विकले. असा सेल अजून जन्माला आलेला नाही.

मग तुझा नकाशा तिच्या हातात दिला. विचारलं, मोजणारी तार कुठून निघते? ती म्हणाली, बॅटरीतून. म्हटलं, आणि चिपला चालवणारी? म्हणाली, तीही त्याच बॅटरीतून. मग चिप मोजते कशाशी? बेटा, कापड मोजायला लोखंडाचा गज लागतो. तू गज त्याच कापडातून कापलास. पाण्यात दोन्ही सारखेच आटले आणि माप तेवढंच आलं. बॅटरी भरलेली असताना मीटर लावलास म्हणून जुळलं. उतरलेल्या बॅटरीला लावला असतास तर त्याच दिवशी कळलं असतं. आणि पॅनल? केळी डोक्यावरून गेली, आत भर दुपारी काळोख असतो, हे तूच लिहिलं होतंस. पॅनलला ऊन कुठून मिळणार? रुमलीचे डोळे बरोबर होते.

आता माझ्या डोळ्यांचं ऐक. मला दिसत नाही. काचबिंदू आहे. उजवा तीन वर्षांपूर्वी गेला, डावा मागच्या वर्षी. हात थरथरत नाही, ते खोटं होतं. सुईदोरा तर शुद्ध थाप. दुकानात बसतो आणि बोटांनी चाचपून काम करतो. पुतण्याला कळलं तर तो किल्ली काढून घेईल म्हणून घरातही फक्त मिसबाहला माहीत आहे. जूनमध्ये तुझा नकाशा आला तेव्हा मी तो तिच्या हातून काढून घेतला. म्हटलं, हे तुला कळायचं नाही, मी बघतो. डोळ्याजवळ धरून बसलो. पांढरं धुकं दिसलं. आणि तुला लिहिलं की नीट बघितला.

का लिहिलं? या गावात आता मला कुणी काही विचारत नाही. तू विचारायचीस. दिसत नाही म्हटलं असतं तर तुझंही पत्र थांबलं असतं. एवढ्यासाठीच.

ऑक्टोबरात दिवा मंद आणि आकडा तोच असं मिसबाहने वाचलं, तेव्हा कानाला खटकलं होतं. तरी मी म्हणालो, बरोबर आहे. माफी मागायला तोंड नाही. तू त्या माणसाकडे जा. माझं नाव सांग, माझं आंधळेपणही सांग.

हाशम

ता. क. — प्रज्ञाताई, हे मी दादांना न सांगता लिहितेय. त्यांना हे सगळं २६ डिसेंबरलाच कळलं होतं. रोज संध्याकाळी मला कागद घेऊन बसवायचे. 'बेटा प्रज्ञा' एवढं सांगायचे आणि म्हणायचे, उद्या. नकाशावरचं तुमचं बारीक अक्षर मीही त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. तिथे लिहिलंय, "चिप ज्या बॅटरीवर चालते तीच बॅटरी ती मोजते आहे. हे चालेल का?" मला सर्किटमधलं काही कळत नाही. पण हे कळलं. जूनमध्ये मी एवढी ओळ वाचून दाखवली असती तर? — मिसबाह

*

धुळे,
१६ मार्च २०२५

हाशमचाचा,

पत्र मिळालं त्याच दिवशी प्रयोगशाळेत बरीच उतरलेली बॅटरी जोडून पाहिली. मीटर ३.३, चिप ४.१. आणखी उतरवली. मीटर ३.०, चिप ४.१. त्या चिपच्या पोटात एक पक्कं माप असतं, बॅटरी चढो की उतरो, ते बदलत नाही. त्याच्याशी ताडून बघायला प्रोग्रॅममध्ये दोन ओळी लागतात. मी त्या लिहिल्या. सात मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी सावद्याला गेले. आबांना समजावून सांगितलं. त्यांनी वही पुढे ओढली आणि पानं उलटत राहिले.

"म्हणजे मनी वही बठ्ठी खोटी?"

"तुम्ही सगळं खरंच लिहीत होता आबा. पेटी खोटं सांगत होती."

"मी तर रोज लिखं," एवढंच ते परत परत म्हणत होते. मग उठून धनसिंगच्या झोपडीच्या दाराशी जाऊन बसले. झोपडी रिकामी होती.

कारण धनसिंग निघून गेलाय. वीस जानेवारीला. मोतीलालशेठने जायला सांगितलं नव्हतं, पण बाकीचे मजूर त्याच्या हातचं पाणी घेईनात. एका सकाळी कपड्यांची पिशवी घेऊन गेला, गुजरातेत ऊसतोडीला असं कुणी म्हणतं, कुणी म्हणतं खाणीवर. आबांना सांगून गेला की पोरीला एकदा विचारा, ती तरी मानते का. चाचा, तुमचं पत्र डिसेंबरात आलं असतं तर तो तिथेच होता. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. पण लिहिल्यावाचून राहवतही नाही.

वन खात्याच्या कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज दिला. साहेब म्हणाले, प्रकरण संपलंय, तुम्ही कशाला उकरता? मोतीलालशेठही तेच म्हणाले, बाई, यात तुमचंच नाव निघेल. निघू दे म्हटलं. अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली, पुढे काही नाही. तंत्रनिकेतनातही प्राचार्यांना सांगितलं. पोरं आता हसत नाहीत. मी खोलीत गेले की गप्प होतात.

मग आबांना घेऊन पाड्यावर गेले. चोपड्यापासून जीप, तिथून पुढे पायी. रुमलीचे भाऊ आधी आत येऊ देईनात. आबांनी अंगणातच वही जमिनीवर ठेवली आणि हात जोडले. सत्तरीचा माणूस पोरांपुढे हात जोडून उभा, तेव्हा त्यांनी खाट टाकली. मी जुना प्रोग्रॅम तसाच ठेवून पेटी नेली होती. सगळ्यांसमोर भरलेली बॅटरी लावली, आकडा ४.१, बटण दाबलं, भोंगा वाजला. मग मेलेली बॅटरी लावली. आकडा ४.१. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. लाल दिवा तेवढा विझत आलेल्या विडीसारखा दिसत होता.

डिंपल खाटेमागे उभी होती. तिने तो दिवा पाहिला आणि म्हणाली, "आई हेच सांगत होती."

मी म्हटलं, हो. तुझ्या आईने सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. तुझ्या बापाने काही केलं नाही. चूक माझी आहे. तुमचं नाव घेतलं नाही, चाचा. लाज वाटली म्हणून नव्हे. प्रश्नचिन्ह मी काढलं होतं. शंका माझी होती, खोडलीही मीच.

मोठ्या मामाने स्वतः एकदा बटण दाबून पाहिलं. मग विचारलं, आता त्याला कुठे शोधायचं? तो म्हणाला, निघा तुम्ही, अंधार पडेल.

माफ केलं असं लिहायला मी तीनदा कागद घेतला. ते वाक्य लिहून होत नाही. वेळ लागेल, कदाचित होणारही नाही. पण एक अट आता मी घालते. यापुढचं पत्र मिसबाहच्या हातून नको. तुम्ही स्वतः लिहा. ओळी एकमेकींवर चढू देत, वाकड्या जाऊ देत, मी लावून घेईन. तिच्यावर असलं ओझं पुन्हा टाकू नका. तिने ती ओळ जूनमध्ये वाचली नाही, याचा दोष तिचा नाही, हे तिला तुम्हीच सांगा.

आता शेवटचं. पाड्यावर रेंज फक्त वरच्या टेकडीवर येते. आम्ही निघालो तेव्हा डिंपल तिथपर्यंत आमच्यासोबत आली. माझा फोन मागितला, बापाचा नंबर तिला पाठ होता. लावला. फोन बंद. तिने तो मला परत दिला. मी म्हटलं, तुझा फोन उचलायचा नसेल असं नाही गं, नवीन नंबर घेतला असेल.

ती म्हणाली, "चार्जिंग नसेल. शेतात असतानापण बाचा मोबाइल बंदच असायचा. बाजारच्या दिवशी सावद्याला चहाच्या दुकानात लावायचा, दोन दिवस चालायचा, मग परत बाजारपर्यंत बंद."

हे तिला तेव्हा कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

प्रज्ञा